माळ्यावर सापडलेला वाकडा खंजीर पानिपताचा, की दुसरीकडचा?

गोदाकाठ (नाशिक) :

नमस्कार. जुन्या नाशकातला आमचा वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, मेणकापडात गुंडाळलेला एक खंजीर सापडला. अशी एक वस्तू घरात आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण आमच्या पिढीतल्या कोणीही ती पाहिलेली नव्हती. घरातली कथा अशी, की आमचे एक पूर्वज विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या पथकात होते आणि १७६१ साली पानिपताहून जीव वाचवून परतताना त्यांनी एका पडलेल्या अफगाण स्वाराच्या कमरेचे हे हत्यार उचलून आणले. ही कथा माझे थोरले काका सांगतात. त्यांचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा, त्यामुळे ती गल्लीतल्या सर्वांना पाठ आहे. ती खोटी ठरवण्याची मला हौस नाही. मात्र वाडा जाणार आहे, आणि जी वस्तू नव्या घरात न्यायची ती नेमकी काय आहे हे कळावे असे वाटते.

वर्णन शक्य तितके नेमके देतो. मुठीसह एकूण लांबी ३१.५ सेंटिमीटर, त्यांपैकी पाते १९.५ सेंटिमीटर. मुठीपाशी पात्याची रुंदी ४.६ सेंटिमीटर असून ते टोकाकडे निमुळते होत जाते आणि एका बाजूला ठळकपणे वळते. दोन्ही कडांना धार आहे. पात्याच्या मधोमध, दोन्ही अंगांना, मुठीपासून टोकापर्यंत एक उंच कणा गेलेला आहे, त्यावरून बोट फिरवले तर तो चांगलाच टोचतो. मूठ काळपट तपकिरी, बहुधा शिंगाची, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना पसरट आहे. तिच्या दर्शनी बाजूला वर आणि खाली अशा दोन गोल रुपेरी चकत्या बसवल्या आहेत. मुठीचा पात्याकडचा भाग चांदीच्या पत्र्याने मढवलेला असून त्यावर पानाफुलांची उठावाची नक्षी आहे. मागची बाजू मात्र अगदी सपाट आणि साधी आहे. म्यान लाकडाचे, वर तपकिरी चामडे चढवलेले. त्याचे टोक वर वळते आणि शेवटी रुप्याची एक कळी बसवली आहे. कोठेही अक्षर, शिक्का किंवा आकडा नाही.

दोन गोष्टी प्रांजळपणे सांगतो. पहिली, माझ्या चुलतभावाने उत्साहाच्या भरात मुठीच्या पत्र्याची एक बाजू चिंचेने घासून लख्ख केली. मी पाहिले तेव्हा अर्धे फूल पांढरेशुभ्र आणि अर्धे काळे होते. दुसरी, शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला आम्ही तो दाखवला. त्याने पाच मिनिटांत ‘सोळाव्या शतकातला, मोगली, मूठ गेंड्याच्या शिंगाची’ असे सांगितले आणि लगोलग किंमतही सांगितली. ज्या वेगाने किंमत आली, त्या वेगामुळेच माझा विश्वास उडाला.

मेणकापडाच्या आत मोडीतली एक लहान चिठ्ठीही होती, किडीने खाल्लेली. आमच्याकडे आता मोडी कोणालाच वाचता येत नाही. तिचा या हत्याराशी संबंध असेलच असे नाही, कारण ट्रंकेत असे कागद बरेच होते. तरीही तिचा फोटो खंजिराच्या फोटोंबरोबर जोडला आहे.

लोहसार :

आपण मापे दिलीत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक लोक अंधुक फोटो टाकून ‘हा किती जुना?’ एवढेच विचारतात. चिंचेचा प्रयोग मात्र कृपया इथेच थांबवावा. चांदीवरचा काळेपणा ही घाण नसते. नक्षीच्या खोलगट भागात साठलेला तो थर वय आणि हाताळणी यांचा पुरावा असतो, आणि एकदा गेला की परत येत नाही.

‘हा कुठला?’ या आपल्या एका प्रश्नात वास्तविक तीन प्रश्न आहेत. पाते कुठे घडले, मूठ आणि म्यान कुठे चढवले गेले, आणि हत्यार कोणी वापरले. दख्खनमधल्या शस्त्रांच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे अनेकदा वेगवेगळी येतात. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कट्यारींमध्ये युरोपातून आलेली पाती बसवलेली आढळतात, म्हणून त्या कट्यारी युरोपीय ठरत नाहीत.

पानिपताच्या कथेपासून सुरुवात करतो. अफगाण स्वाराच्या कमरेला खंजीर असता, तर तो पेशकब्ज असण्याचा संभव सर्वाधिक होता. पेशकब्जाचे पाते अरुंद, एकधारी आणि सुईसारखे निमुळते असते, आणि पाठ इतकी जाड असते की आडवा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. चिलखताच्या कड्यांत घुसवण्यासाठी ती रचना असते. आपले पाते रुंद, दुधारी, वक्र आणि मधल्या कण्याचे आहे, म्हणजे कुळच वेगळे आहे. दख्खनी कुळांपैकीही ते नाही. बिचव्याचे पाते दुहेरी वळणाचे असते आणि मूठ कड्यासारखी असते. चिलानमची मूठ बहुधा पात्यासकट पोलादाची आणि वरच्या टोकाला दुभंगलेली असते. कट्यारीची आडवी मूठ तर सर्वांना ओळखू येते. उरतो तो जंबिया, आणि माझ्या मते आपल्या हातात तोच आहे. अरबीत ‘जंब’ म्हणजे कूस, बाजू. कमरपट्ट्याला बांधायचा तो जंबिया.

आता कुठला जंबिया? ओमानी प्रकारात म्यान जवळजवळ काटकोनात वळते आणि त्यावर चांदीच्या कड्यांची रांग असते. आपल्या म्यानावर तशा कड्या नाहीत. मोरोक्कोच्या प्रकारात म्यानाला वरच्या बाजूस दोन कान असतात, तेही नाहीत. दक्षिण अरबस्तानातल्या हद्रामौतच्या जंबियाचे म्यान इतके तीव्र वळते की त्याचे टोक मुठीच्या उंचीपर्यंत पोहोचते. आपल्या म्यानाचे टोक वर वळते खरे, पण फोटोत ते मध्यावरच थांबलेले दिसते. मुठीवरच्या दोन चकत्या मात्र येमेन आणि हद्रामौत या परंपरेतल्या आहेत, आणि मागची साधी बाजूही तिथलीच, कारण ती पोटाकडे असते आणि कोणाला दिसत नाही. म्हणजे मुठीचा घाट अरबी आहे. पत्र्यावरची नक्षी पाहिली की मात्र मला अरबस्तान आठवत नाही. तिथे चांदीच्या कामात बारीक तारकाम आणि रव्यांचे ठिपके हा कल दिसतो, तर आपल्याकडे वेलबुट्टी ठोकून उठवलेली आहे आणि फूल आपल्या सराफ बाजारातल्या जुन्या पानदानावर असते तसे भरीव आहे. म्यानाच्या टोकाची कळी पाहूनही माझे मत हेच होते. माझा अंदाज असा, की हा जंबिया अरबासाठी, अरबी घाटाचा, परंतु दख्खनमध्ये सजवलेला आहे.

पात्याविषयी इतक्यात बोलणे योग्य नाही. भिंगातून, तिरप्या उजेडात, पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी दिसते का पाहा. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या पात्यावर जो ‘जौहर’ दिसतो तो तोच, आणि आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी एके काळी इराणपर्यंत ठाऊक होते. जौहर दिसला तर पाते हिंदुस्थानातले किंवा इराणातले असण्याकडे पारडे झुकेल. नाही दिसला, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण गंजाने आणि पुन्हापुन्हा घासल्याने तो झाकला जातो. तो उठवण्यासाठी पात्यावर आम्ल लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कण्याच्या दोन्ही उतारांवर समांतर, एकसारखे ओरखडे दिसले, तर ते विजेच्या ग्राइंडरचे असतात आणि मग वस्तू अलीकडची. फोटोत तसे मला दिसलेले नाहीत. पात्यावर रोमन लिपीत देशाचे नाव ठोकलेले नाही हेही बरे. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले आणि त्यानंतर परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनलेल्या अनेक हत्यारांवर तो ठसा आला.

गेंड्याच्या शिंगाचे म्हणाल, तर मुठीची कड मोबाइलच्या दिव्यासमोर धरा. गेंड्याचे शिंग केसांसारख्या तंतूंचे घट्ट बनलेले असते आणि आडव्या छेदात ठिपके ठिपके दिसतात. म्हशीचे शिंग थराथराचे असते. मला फोटोत थर दिसतात. तापलेली सुई टोचून वास घेण्याचा जुना उपाय करू नका, कारण दोन्हींचा वास जळलेल्या केसांचाच येतो आणि मुठीला मात्र भोक पडते. आणखी एक : मूठ हलत असेल तर ती उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. आपल्याकडे पात्याचे मागचे टोक मुठीत लाखेने बसवण्याची रीत होती, आणि लाख तापली की सारेच सुटते. मुठीच्या सांध्यात तांबूस तपकिरी, ठिसूळ, चकाकणारे काही दिसले तर जरूर कळवा. ती लाख असेल, तर मूठ इथे चढवली गेली याला आणखी एक आधार मिळेल.

मोसमकाठ (मालेगाव) :

वरील उत्तर वाचून राहवले नाही. नाशिक जिल्ह्यात अरबाचा जंबिया सापडतो आणि मालेगावचे नाव कोणीच घेत नाही, हे आम्हा मालेगावकरांना कसे पटावे? आमचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधला. ज्यांच्या नावाची घंटा आपण नाशिककर पंचवटीत मिरवता आणि ज्यांच्या नावाने आपल्या काकांचा आवाज मोजता, तेच हे नारोशंकर. १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतरही या किल्ल्यातली अरब शिबंदी इंग्रजांना शरण गेली नाही. मे महिन्याच्या मध्याला वेढा पडला, महिनाअखेरीचा इंग्रजांचा हल्ला फसला, त्यांची बरीच माणसे पडली, आणि जूनमध्ये आतल्या दारूखान्याचा स्फोट होऊन तट ढासळल्यानंतरच किल्ला त्यांच्या हाती आला. शरण आलेल्या अरबांकडची शस्त्रे पुढे कुठे कुठे गेली असतील याचा विचार करा. नाशिक इथून शंभर किलोमीटरवर आहे.

शिवाय आपण जोडलेल्या चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. मला मोडी अडखळतच येते, पण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘अरबा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मला वाटते, आपले उत्तर तिथेच आहे. पानिपत सोडा आणि मालेगाव धरा.

पंचवटीकर :

कायद्याच्या अंगाने थोडेसे, कारण वाडे पाडताना निघालेल्या हत्यारांबद्दल लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त राहतात. शस्त्र कायद्याच्या वर्गवारीत खंजीर, सुऱ्या यांसारख्या शस्त्रांसाठी पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद ही मर्यादा दिलेली आहे. आपले पाते १९.५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ इंचांच्या आत आहे, आणि रुंदीही दोन इंचांपेक्षा कमी आहे. याचा अर्थ तो कमरेला लावून रामकुंडावर फिरावे असा नाही. शहरात पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी लागू असतात. दुसरे, १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्या व्यापाऱ्याला किंमत विचारण्यापूर्वी परवाना विचारायला हवा होता. मूठ खरोखरच गेंड्याच्या शिंगाची निघाली, तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, तेव्हा म्हशीचे शिंग निघावे अशीच प्रार्थना करा.

प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय आहे, तिथे विचारावे. तुलनेसाठी जुनी हत्यारे पाहायची असतील, तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकदा पाहून या.

रुमालदप्तर :

मोसमकाठ यांचा उत्साह मला आवडला, पण त्यांनी वाचलेला शब्द ‘अरबा’ नाही. तो ‘अर्बा’ आहे, आणि त्याचा अरब माणसांशी काहीही संबंध नाही.

पेशवाईच्या कागदांत तारीख लिहिताना शकाबरोबर सुहूर सन लिहिण्याची पद्धत होती आणि तो सन अरबी अंकवाचक शब्दांत लिहीत. एकं आधी, मग दहं, मग शतक, मग हजार. अर्बा म्हणजे चार. त्या शब्दाच्या आधी ‘सु’ आणि दोन उभे दंड आहेत, ते ‘सुहूर’चे संक्षिप्त रूप आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नसल्यामुळे आणि सारी ओळ एका शिरोरेषेखाली ओढलेली असल्यामुळे ही फसगत नवशिक्याची नेहमी होते. माझीही झालेली आहे.

चिठ्ठी मी जितकी वाचू शकलो तितकी देतो. पहिल्या ओळीत शके, मग एक, त्यानंतर दोन आकड्यांच्या जागी भोक, मग पाच. पुढे सुभानु नाम संवत्सर आणि कार्तिक महिना. दुसऱ्या ओळीत ‘सु॥ अर्बा’ आणि पुन्हा भोक. त्याखाली कोणा जमादाराचे नाव होते, त्यातला ‘जमादार’ एवढाच भाग उरला आहे. मग ‘जंबीया येक’, मूठ शिंगाची, रुप्याने मढवलेली, म्यान मखमली, आणि शेवटी ‘गाहाण’. रुपयांचा आकडा किडीने खाल्ला. तेव्हा ही चिठ्ठी याच वस्तूची आहे असे मानायला चांगला आधार आहे, आणि वस्तू लुटीत मिळालेली नसून आपल्या पूर्वजांकडे गहाण ठेवलेली होती, हे आपल्या काकांना सांगण्याची जबाबदारी मी आपल्यावर सोपवतो. जमादार हा हुद्दा अरब शिबंदीच्या पथकप्रमुखाला लावत असत, परंतु तो इतरांनाही लावला जाई, म्हणून केवळ त्या शब्दावरून मी गहाण ठेवणाऱ्याला अरब ठरवणार नाही.

आता तारीख, आणि गंमत इथेच आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. शेवटी पाच असलेला आणि सुभानु संवत्सराचा शक शोधला, तर पेशवाईच्या आगेमागे दोनच बसतात : शके १६८५, म्हणजे १७६३, आणि शके १७४५, म्हणजे १८२३. पहिला पानिपतानंतर दोन वर्षांनी येतो, दुसरा मालेगावानंतर पाच वर्षांनी. म्हणजे काका आणि मोसमकाठ दोघांनाही आशेला जागा आहे. सुहूर सनाने हा वाद मिटावा, तर तिथेही एकंच्या जागी दोन्ही वेळा अर्बाच येतो, कारण दोन्हींत अंतर नेमके साठ वर्षांचे आहे. १७६३ साठी तो सन ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६४, आणि १८२३ साठी ‘अर्बा अशरीन मयातैन व अलफ’, म्हणजे १२२४. अर्बाच्या पुढचा शब्द मिळाला की सारे मिटेल. फोटोत दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला कागद आतल्या बाजूला दुमडलेला आणि चिकटलेला दिसतो. ती घडी नखाने ओढून उघडू नका. चिठ्ठी दोन टीपकागदांमध्ये ठेवून वरून किंचित दमट कापड एक-दोन तास राहू द्या, मग घडी आपोआप सैल होते का पाहा. शाई काजळीची दिसते, ती सहसा फुटत नाही, तरी आधी एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून खात्री करून घ्या.

पूर्वज विंचूरकरांच्या पदरी असणे आणि घरात सावकारी असणे यांत मात्र विरोध नाही. पथकाचे हिशेब ठेवणारा कारकून शिपायांना उसने देत नसे, असे थोडेच आहे.

गोदाकाठ (नाशिक) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात माळाही उतरवावा लागला आणि काकांनाही.

घडी सांगितल्याप्रमाणे उघडली. दीड तासाने कागद स्वतःहून सुटला, फाटला नाही. आत अर्ध्या बोटाएवढी जागा निघाली आणि तिथली शाई कधीच उजेड न लागल्यामुळे बाकीच्या चिठ्ठीपेक्षा काळी आहे. नवा फोटो रुमालदप्तर यांना पाठवला, त्यांनी ‘अशरीन मयातैन’ असे निःसंदिग्ध वाचून कळवले. म्हणजे शके १७४५, १८२३ सालचा कार्तिक. पेशवाई जाऊन पाच वर्षे झाली होती आणि लिहिणारा कारकून अजून जुन्या वळणाने सुहूर सन घालत होता.

लोहसार यांनी सांगितलेली तपासणीही केली. मुठीची कड दिव्यासमोर धरली तेव्हा ती मधासारखी पिवळट झाली आणि आत थर दिसले, ठिपके दिसले नाहीत. मूठ आणि पाते यांच्या सांध्यात, पत्र्याची कड जिथे उचलली गेली आहे तिथे, तांबूस, काचेसारखे चकाकणारे काही आहे. आमच्या शेजारच्या सराफांनी पाहताक्षणी ‘लाख आहे, आम्हीही दागिन्यांत हीच भरतो’ असे सांगितले. जौहर मात्र दिसला नाही. पात्यावर बारीक खळगे आहेत आणि जुने गंजाचे डाग आहेत.

चिठ्ठीतल्या एका शब्दाने मात्र मला दोन दिवस छळले. चिठ्ठीत म्यान मखमली आहे आणि आमचे म्यान चामड्याचे. हत्यार एक आणि चिठ्ठी दुसऱ्याच वस्तूची, असे तर नाही? शेवटी म्यानाच्या मागच्या बाजूची शिवण पाहिली. ती पुढच्या कामाच्या मानाने ओबडधोबड आहे आणि दोरा जाड, चपलेला घालतात तसा आहे. टोकाच्या कळीजवळ ती शिवण दोन इंच उसवलेली होती. काहीही न ओढता तिथे भिंग लावले, तर चामड्याखाली लाकडाला चिकटलेले बारीक तंतू दिसले. बाहेरच्या कडेला ते मातकट झालेले आहेत, पण आत, जिथे चामड्याने झाकले गेले, तिथे त्यांचा रंग अजून डाळिंबी आहे.

काकांना सारे वाचून दाखवले. पानिपत गेल्याचे त्यांना, मला वाटले होते तितके, वाईट वाटले नाही. चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ‘भरपाई झाल्याचे कुठे लिहिले आहे का?’ तसे कुठेही लिहिलेले नाही. तेव्हापासून ते गल्लीत सांगत आहेत, की घरात एका जमादाराचे गहाण पडून आहे आणि दोनशे वर्षांचे व्याज यायचे आहे.

माझ्याकडून एकच प्रश्न उरला. तो म्यानात ठेवावा की बाहेर?

लोहसार :

बाहेर. जुन्या चामड्यात कमावतानाची आम्ले राहिलेली असतात आणि ते हवेतला दमटपणा धरते. पात्यावरचे खळगे बहुधा त्याच कारणाने पडलेले आहेत. पाते मऊ कोरड्या कापडाने पुसून त्यावर यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, खोबरेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होते. पाते सुती कापडात आणि म्यान वेगळ्या कापडात, पण दोन्ही एकाच पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि नाशकाच्या पावसाळ्यात त्या महिन्यातून एकदा बदला. उसवलेली शिवण पुन्हा शिवू नका. चिठ्ठी आम्लरहित कागदात ठेवून त्याच पेटीत, पण तेलापासून दूर असू द्या.

ती लाख दिसली आणि शेजारच्या सराफांनी ती ओळखली, हे वाचून मला विशेष बरे वाटले. मूठ आणि पत्रा दख्खनचा, हे आता मी पूर्वीपेक्षा बऱ्याच खात्रीने म्हणेन. हद्रामौतहून आलेल्या सैनिकांची वस्ती हैदराबादेत झाली, तिथला बारकस भाग त्यांचाच, आणि मराठवाड्यातली चाऊस घराणीही त्यांचीच. त्यांच्यासाठी काम करणारे कारागीर तिथेही होते, म्हणून हैदराबादचे नाव मी यादीत वर ठेवतो. मोसमकाठ यांनी नाराज होऊ नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेशवे, निजाम, नागपूरकर भोसले आणि बडोद्याचे गायकवाड या सर्वांच्याच पदरी अरब होते, आणि १८१८ नंतर त्यांतल्या पुष्कळांची नोकरी गेली. हा जमादार मालेगावच्या तटावर होता की नव्हता, हे त्या भोकात गेले.